एका बिल्डिंगमध्ये पाच ऑफिसं आणि वायफाय एकच? मग हे वाचून ठेवा

२६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी मीडियाला एक ईमेल गेला होता. पोलिसांनी त्या मेलचा आयपी अ‍ॅड्रेस शोधला आणि तपास येऊन पोचला नवी मुंबईतल्या सानपाड्यात. कनेक्शन होतं तिथं राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाचं. त्याचं वायफाय उघडं होतं आणि मेल दुसऱ्याच कुणीतरी पाठवला होता.

महिनाभरात तसाच मेल माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या वायफायवरून गेला. सप्टेंबरमध्ये दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेल्याचं समोर आलं. तिन्ही ठिकाणी कनेक्शन ज्याचं, त्याचा कटाशी संबंध नव्हता. पण पोलीस आधी त्याच्याच दारात आले.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वायफायला पासवर्ड आहे. चांगली गोष्ट आहे. पण तो पासवर्ड किती जणांकडे आहे?

समजा ठाण्यात एक तीन मजली बिल्डिंग आहे. खाली मेडिकल, पहिल्या मजल्यावर सीए आणि डेंटिस्ट, दुसऱ्या मजल्यावर ट्रॅव्हल एजंट आणि दहावी-बारावीचे क्लासेस. सुरुवातीला सीए साहेबांनी ब्रॉडबँड घेतलं. मग शेजारधर्म म्हणून पासवर्ड दिला गेला, महिन्याचं बिल पाच जणांत वाटलं जाऊ लागलं. आज तो पासवर्ड क्लासच्या भिंतीवर कागदावर चिकटवलेला आहे आणि शंभर पोरांच्या मोबाईलमध्ये सेव्ह आहे.

अशा बिल्डिंगा आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. पैसे वाचतात हे खरं. पण त्या बदल्यात नक्की काय उघडं पडतं आणि ते बंद कसं करायचं, तेच आज समजून घेऊ.

एका वायफायवर असणं म्हणजे एका घरात असणं

तुमचा राउटर प्रत्येक मोबाईल-लॅपटॉपला एक घरातला पत्ता देतो. साधारण १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता फक्त आतल्या आत चालतो. या पत्त्यावरची यंत्रं एकमेकांशी थेट बोलू शकतात, त्यासाठी इंटरनेटची गरज नसते. म्हणून तर वायर न जोडता तुमच्या लॅपटॉपवरून प्रिंट निघते.

पण राउटरला सीए कोण आणि क्लासचा विद्यार्थी कोण, हे कळत नाही. ज्याच्याकडं पासवर्ड तो घरातला. म्हणजे क्लासमधल्या एखाद्या हुशार पोरानं नेटवर्क स्कॅन करणारं फुकटचं अ‍ॅप टाकलं, तर त्याला सीएचा कॉम्प्युटर, डेंटिस्टचा प्रिंटर आणि मेडिकलच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर, सगळ्यांची यादी दिसू शकते. डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीनं दिला तोच ठेवला असेल, तर मग विषयच संपला.

इथं पोराचा हेतू वाईट असायलाच हवा असंही नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरनं जगभर धुमाकूळ घातला होता. विंडोजच्या फाईल शेअरिंगमध्ये असलेली एक चूक पकडून तो एका कॉम्प्युटरवरून त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपोआप उडी मारायचा. दुसऱ्या कॉम्प्युटरवाल्यानं कुठंही क्लिक करायची गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टनं त्यावरचा अपडेट मार्चमध्येच दिला होता, पण ज्यांनी तो टाकला नव्हता ते अडकले. म्हणजे ट्रॅव्हल एजंटच्या जुन्या लॅपटॉपमध्ये घुसलेलं काहीतरी सीएच्या फायलींना कुलूप लावू शकतं. तेही ऐन रिटर्न भरायच्या दिवसात.

तिसरी गोष्ट म्हणजे डब्ल्यूपीए२ या जुन्या आणि अजूनही खूप वापरात असलेल्या सुरक्षेत, ज्याला पासवर्ड माहीत आहे त्याला हवेतून जाणारा दुसऱ्याचा डेटा पकडून उलगडता येऊ शकतो. बँकेच्या साईट स्वतःचं वेगळं कुलूप लावतात म्हणून तिथं तुम्ही बऱ्यापैकी वाचता. पण ऑफिसच्या आतली फाईल शेअरिंग, जुनी सॉफ्टवेअर, कॅमेऱ्याचं फुटेज यांना तसं कुलूप असेलच असं नाही.

नाव वेगळं म्हणजे नेटवर्क वेगळं नाही

बऱ्याच ठिकाणी यावर एक उपाय केलेला असतो. राउटरमध्ये जाऊन वायफायची दोन-तीन नावं तयार करतात. एक ‘ऑफिस’, एक ‘क्लास’. पासवर्डही वेगळे. सगळ्यांना वाटतं काम झालं.

पण वायफायचं नाव म्हणजे दारावरची पाटी. एकाच खोलीला दोन दारं करून दोन पाट्या लावल्या, तरी आत गेल्यावर माणसं एकाच खोलीत येतात. नाव वेगळं आणि आतलं नेटवर्कही वेगळं, असं राउटरला मुद्दाम सांगावं लागतं.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे राउटरमागं राउटर. सीएच्या राउटरमधून एक वायर वरच्या मजल्यावर न्यायची, तिथं क्लासचा स्वतःचा राउटर लावायचा. आता तर दोन डबे वेगळे झाले ना?

इथं एक गंमत आहे. राउटरचं दार एकाच बाजूनं उघडतं. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, बाहेरचा आत येऊ शकत नाही. क्लासच्या राउटरच्या दृष्टीनं ‘बाहेर’ म्हणजे काय? तर सीएचं नेटवर्क. त्यामुळं सीएच्या ऑफिसमधून क्लासमध्ये घुसता येत नाही, पण क्लासमधून सीएच्या नेटवर्कवर आरामात जाता येतं. म्हणजे जपायचं होतं सीएला आणि जपला गेला क्लास.

त्यात वायर लावणाऱ्यानं ती दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये खुपसली असेल, तर तेवढंही वेगळेपण राहत नाही. तो राउटर नुसता जोडणीचा डबा बनतो, सगळे पुन्हा एका खोलीत. वर दोन्ही राउटर पत्ते वाटायला लागले तर ‘नेट मध्येच जातंय’ अशी तक्रार सुरू होते ती वेगळीच.

मग करायचं काय? चार रस्ते आहेत

पहिला रस्ता : ज्याचं त्याचं कनेक्शन. सगळ्यात सरळ. प्रत्येकानं आपल्या नावावर ब्रॉडबँड घ्यायचं, आपला राउटर लावायचा. डेटा वेगळा, बिल वेगळं, आयपी अ‍ॅड्रेस वेगळा आणि जबाबदारीही वेगळी. ज्यांच्याकडं लोकांची कागदपत्रं, रिपोर्ट, पैशांचे हिशोब आहेत, म्हणजे सीए, वकील, डॉक्टर, त्यांनी शक्यतो हाच रस्ता धरावा.

दुसरा रस्ता : गेस्ट नेटवर्क. आजच्या बहुतेक राउटरमध्ये ही सोय असते. गेस्टवर आलेल्याला फक्त इंटरनेट मिळतं, आतली यंत्रं दिसत नाहीत. डेंटिस्टकडं वाट बघत बसलेले पेशंट, सीएकडं आलेले क्लायंट यांच्यासाठी हे छान आहे. पण कायमच्या शेजाऱ्याला गेस्टवर टाकू नका. त्याला त्याचा प्रिंटर चालवायचा असतो आणि गेस्टवर यंत्रांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. शिवाय राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’वर टाकलेला असेल तर अनेक मॉडेलमध्ये गेस्टची ही भिंत काम करत नाही. तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नका.

तिसरा रस्ता : तीन राउटर. दोघांनी मिळून एकच कनेक्शन वापरायचं असेल तर हा स्वस्त आणि पक्का उपाय. पहिला राउटर फक्त इंटरनेटला जोडायचा. त्याच्या खाली दोन राउटर, एक तुमचा, एक शेजाऱ्याचा. दोन्हीकडं वायर वॅन पोर्टमध्येच. आकृती काढली तर इंग्रजी वाय अक्षर उलटं धरल्यासारखी दिसते. आता दोघांच्याही दृष्टीनं ‘बाहेर’ आहे तो पहिला राउटर, आणि त्याला तिसरं काहीच जोडलेलं नाही. त्यामुळं कुणीच कुणाच्या घरात जाऊ शकत नाही.

इथं तीन गोष्टी पाळाव्या लागतात.

- पहिल्या राउटरचं वायफाय बंद ठेवायचं आणि त्याला कॅमेरा, प्रिंटर असं काही जोडायचं नाही.
- तिन्ही राउटरच्या आतल्या पत्त्यांची मालिका वेगळी ठेवायची. पहिल्याची १९२.१६८.१, दुसऱ्याची १९२.१६८.१०, तिसऱ्याची १९२.१६८.२०, अशी.
- पहिल्या राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदलायचा, कारण ते पान दोघांनाही उघडता येतं.

तोटा एकच. डेटाला दोन राउटर ओलांडून जावं लागतं, त्यामुळं बाहेरून थेट सीसीटीव्ही बघणं किंवा काही प्रकारचे व्हीपीएन अडू शकतात.

चौथा रस्ता : व्हीलॅन. चार-पाच किंवा त्याहून जास्त ऑफिसं असतील आणि इंटरनेटची सोय बिल्डिंगचा मालक करणार असेल, तर हाच खरा उपाय. को-वर्किंगवाले, मोठ्या कंपन्या हेच वापरतात.

व्हीलॅन म्हणजे नक्की काय?

एसटीचं पार्सल आठवा. एकाच गाडीत सातारा, कराड, कोल्हापूरची पार्सलं जातात. गाडी एक, रस्ता एक, पण प्रत्येक पार्सलवर चिठ्ठी असते. कराडचं पार्सल कराडलाच उतरतं.

व्हीलॅन तेच करतं. डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर एक नंबराची चिठ्ठी लागते. सीएचा नंबर १०, डेंटिस्टचा २०, क्लासचा ३०. वायर तीच, डबा तोच, पण १० नंबरचा डेटा २० नंबरच्या दाराला जातच नाही. या चिठ्ठीचं जागतिक मानक १९९८ साली आलं, त्याचं नाव ८०२.१क्यू. चिठ्ठीत नंबरासाठी १२ बिट्सची जागा आहे, त्यामुळं वापरता येतील असे ४,०९४ नंबर मिळतात. एका बिल्डिंगला ते जन्मभर पुरतील.

यासाठी तीन वस्तू लागतात. व्हीलॅन समजणारा राउटर, ‘मॅनेज्ड’ प्रकारचा स्विच आणि एकापेक्षा जास्त नावं वेगवेगळ्या व्हीलॅनला जोडू शकणारे अ‍ॅक्सेस पॉइंट. दुकानात मिळणारा साधा स्विच बहुतेक वेळा ‘अनमॅनेज्ड’ असतो. त्याला बघून कळत नाही, म्हणून घेताना विचारून घ्या.

आता यातली खरी मेख. नंबर वेगळे दिले म्हणजे काम झालं असं नाही. सगळे व्हीलॅन शेवटी राउटरपाशी येतात, आणि बरेच राउटर मुळात ‘इकडचा डेटा तिकडं पोचवणं’ हेच आपलं काम समजतात. तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर ते १० आणि २० ची गाठ घालून देतात. म्हणून फायरवॉलमध्ये साधा नियम लिहावा लागतो : प्रत्येक व्हीलॅनला इंटरनेटकडं जायची परवानगी, दुसऱ्या व्हीलॅनकडं जायला बंदी. सगळ्यांना मिळून एक झेरॉक्स मशीन वापरायचं असेल तर त्याला स्वतंत्र व्हीलॅनमध्ये ठेवायचं आणि फक्त तिथं जायची मुभा द्यायची. काम करून देणाऱ्याला पैसे देण्याआधी हा नियम लिहिलाय का, एवढं विचाराच.

दुसरं म्हणजे नावांचा बाजार मांडू नका. वायफायचं प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा ‘मी इथं आहे’ अशी हाळी देत असतं, आणि तीही सावकाश वेगानं. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवर दहा नावं ठेवली तर या हाळ्यांतच बराच वेळ जातो. तीन-चार नावांच्या पुढं जाऊ नये, असं या कामातले लोक सांगतात. ऑफिसं जास्त असतील तर एकच नाव ठेवून प्रत्येकाला वेगळं लॉगिन देता येतं. लॉगिन बघून यंत्रणा त्याला त्याच्या व्हीलॅनमध्ये टाकते. कर्मचारी सोडून गेला की त्याचं एकट्याचं लॉगिन बंद करायचं, सगळ्यांचा पासवर्ड बदलत बसावं लागत नाही.

नेटवर्क वेगळी झाली, पण हवा एकच आहे

पाच ऑफिसांनी पाच राउटर लावले की नवी तक्रार सुरू होते. ‘प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, पण संध्याकाळी काहीच चालत नाही.’ इंटरनेट कंपनीला फोन जातो, माणूस येऊन वायर लावून बघतो, स्पीड बरोबर येतो. मग गडबड कुठं आहे? तर ती हवेत आहे.

वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात २००५ पासून तो कमी ताकदीच्या वापरासाठी परवान्याशिवाय खुला आहे. त्यात १ ते १३ अशी चॅनेल दिसतात. वाटतं, तेरा राउटर सुखानं नांदतील. पण ही चॅनेल एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि एका राउटरला कमीत कमी २० मेगाहर्ट्झची जागा लागते. म्हणजे एकमेकांना धक्का न लावता तीनच चॅनेल उरतात : १, ६ आणि ११.

आता एखादा हुशार माणूस विचार करतो, सगळे १ आणि ६ वर आहेत, आपण ३ वर जाऊ. हा सगळ्यात वाईट निर्णय. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. अर्धवट आत घुसलेल्या राउटरचं बोलणं मात्र इतरांना नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतं. पाळी लागत नाही आणि डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. एक ३ वर गेला की १ वाल्याचंही नुकसान आणि ६ वाल्याचंही.

म्हणून एवढं करा.

- २.४ वर १, ६, ११ सोडून दुसरं चॅनेल नको, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की निम्म्याहून जास्त पट्टा एकटे तुम्हीच अडवता.
- लॅपटॉप आणि नवे मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिथं चॅनेल भरपूर आहेत. हा सिग्नल भिंतीतून कमी जातो, आणि अशा बिल्डिंगमध्ये तो फायदाच आहे. तुमचा तुमच्याकडं, शेजाऱ्याचा शेजाऱ्याकडं.
- राउटरची ताकद ‘हाय’वर ठेवू नका. आपल्या ऑफिसपुरतं पोचलं की बास.
- जे यंत्र जागचं हलत नाही, म्हणजे कॉम्प्युटर, डीव्हीआर, टीव्ही, त्याला वायर लावा. तेवढीच हवा मोकळी.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पाचही जणांनी चहाला बसून कोण कुठल्या चॅनेलवर ते ठरवणं. सोसायटीत पार्किंगची जागा ठरवतो तसंच. खालच्या मजल्याला १, मधल्याला ६, वरच्याला ११. तो कागद लिफ्टशेजारी लावून टाका.

कायद्याच्या बाजूनं काय?

२००८ च्या त्या ईमेल प्रकरणांनंतर दूरसंचार विभागानं २००९ मध्ये वायफायच्या सुरक्षित वापराबद्दल सूचना काढल्या. पण तुमच्यासाठी साधी गोष्ट अशी की, तुमच्या कनेक्शनवरून काही घडलं तर बाहेरच्या जगाला दिसतो तो तुमचा आयपी अ‍ॅड्रेस. आतमध्ये तो मोबाईल कुणाचा होता, हे सांगायची वेळ तुमच्यावर येते. भिंतीवर पासवर्ड चिकटवलेला असेल तर तुम्ही काय सांगणार?

दुसरं म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. लोकांची माहिती ज्याच्याकडं आहे, त्यानं ती जपण्यासाठी वाजवी काळजी घ्यायची, असं हा कायदा सांगतो. ती न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. छोट्या ऑफिसला एवढा दंड होईल असं कुणी म्हणत नाही, पण ‘वायफाय शेजाऱ्याचं होतं’ हे कारण पुढं करता येईल अशा भ्रमात राहू नका.

आणि तुमच्या ब्रॉडबँडच्या अर्जात कनेक्शन दुसऱ्याला वाटण्याबद्दल, विकण्याबद्दल काय अट आहे, ती एकदा वाचून घ्या. भाडेकरूंकडून नेटचे पैसे घेणाऱ्या मालकांनी तर नक्कीच.

खरंच वेगळं झालंय का, ते तपासा

काम करणारा ‘झालं साहेब’ म्हणून गेला की दहा मिनिटं काढा.

१. तुमच्या प्रिंटरचा किंवा डीव्हीआरचा आतला पत्ता लिहून घ्या. तो त्याच्या सेटिंगमध्ये मिळतो.

२. शेजाऱ्याला सांगून तुमचा मोबाईल त्याच्या वायफायला जोडा. मोबाईल डेटा बंद करा.

३. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. प्रिंटरचं किंवा डीव्हीआरचं पान उघडलं, तर भिंत नाही. पैसे द्यायचे थांबवा.

४. हेच उलट बाजूनं करा. राउटरमागं राउटरची गंमत आठवतेय ना? एका बाजूनं बंद म्हणजे दोन्ही बाजूंनी बंद असं नसतं.

फक्त ‘पिंग’ करून समाधान मानू नका. विंडोजचे कॉम्प्युटर अनेकदा पिंगला उत्तरच देत नाहीत. उत्तर आलं नाही म्हणजे वाट बंद आहे, असं होत नाही.

यासोबत राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदला, बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद करा, आणि सगळी यंत्रं चालत असतील तर सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर ठेवा. जुनी यंत्रं अडत असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालणारा पर्याय असतो, तो निवडा.

आणि हे सगळं लगेच जमणार नसेल, तर आजच्या आज निदान दोन गोष्टी करा. भिंतीवरचा तो कागद काढा, आणि बाहेरच्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करून मूळ पासवर्ड बदला. याला एक रुपयाही लागत नाही. बाकीच्यासाठी शेजाऱ्यांना हा लेख पाठवा आणि चहाची वेळ ठरवा.